नाम आपलं, वाक्य त्यांचं

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला विंदालू होतं, आणि जाणकार माणूस ते केल्या दिवशी खात नाही. डुकराचं मांस, माडाच्या सुरेचं व्हिनेगर, भरपूर लसूण, लाल मिरची. एक रात्र मुरलं की त्याला खरी चव येते. नाव पोर्तुगीजांकडून आलेलं. वाइन आणि लसणात मुरवलेल्या मांसाला ते तसं म्हणायचे. गोव्यात वाइनच्या जागी व्हिनेगर आलं, मसाला आला आणि पदार्थ इथला झाला. 'आलू'शी त्याचा काही संबंध नाही. तरी इंग्लंडमधल्या हॉटेलांनी त्यात बटाटा घातला आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारा पदार्थ म्हणून ते विकलं.

एका अमेरिकी विनोदी मालिकेच्या एका भागाचं नाव होतं 'जॉली विंदालू डे'. मालिकेचं नाव 'आउटसोर्स्ड'. एनबीसी वाहिनीवर ती २३ सप्टेंबर २०१० ला सुरू झाली आणि २२ भाग होऊन मे २०११ मध्ये बंद पडली. घडते मुंबईत, एका कॉल सेंटरमध्ये. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिनीवर इतके भारतीय वंशाचे कलाकार एकत्र, मुख्य भूमिकांत, त्याआधी आलेच नव्हते. म्हणून ही मालिका आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे, आणि ती कशी बनली, कुणी बनवली आणि तिचं काय चुकलं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

तिच्या भागांची आणखी काही नावं वाचा. 'अ सितार इज बॉर्न'. 'होम फॉर द दिवालीडेज'. 'टॉड्स होली वॉर'. 'टेक धिस पंजाब अँड शव्ह इट'. तिकडच्या लोकांच्या जिभेवर रुळलेलं एखादं गाणं, चित्रपटाचं नाव किंवा बोलण्यातला ठेका घ्यायचा, त्यातला एक शब्द उचलायचा आणि तिथे आपला बसवायचा. वाक्य त्यांचं, त्यातलं एक नाम आपलं. सगळी मालिकाच मला या नावांसारखी वाटते. मुंबई तिच्यात नाम म्हणून येते. क्रियापद कधी होत नाही. मुंबईमुळे तिथे काही घडत नाही.

हे मी लांबून बोलत नाही. २००४ ते २००७ मी मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये होते. काम मालिकेतल्यासारखंच, अमेरिकेतल्या एका कॅटलॉगच्या ऑर्डरी घ्यायच्या. मालिकेतली कंपनी रबरी ओकारी आणि बसल्यावर पादल्यासारखा आवाज करणाऱ्या उशा विकते, आम्ही घरबागेच्या वस्तू विकायचो. फोनवर प्रत्येकाचं वेगळं नाव. कुठून बोलताय असं विचारलं तर अमेरिकेतल्या एका गावाचं नाव सांगायचं, आणि त्या गावाचं हवामान स्क्रीनच्या एका कोपऱ्यात कायम उघडं ठेवायचं, कारण म्हाताऱ्या माणसांना हवामानाच्या गप्पा आवडतात.

२००५ च्या जुलैतली एक रात्र. २६ जुलैच्या आधीचीच, पण मालाड सबवेत पाणी होतं आणि गाडी फिरून आली होती. आमचा मजला सगळ्यात वरचा, गच्चीवर गळतीसाठी पत्रे टाकलेले, आणि त्या पत्र्यांवर पाऊस असा कोसळत होता की हेडसेट घालूनही कानात येत होता. पलीकडे एक आजी होत्या, बागेला पाणी घालायची पन्नास फुटी नळी हवी होती त्यांना. मध्येच थांबून म्हणाल्या, हा पावसाचा आवाज आहे का? माझ्या स्क्रीनवर 'आकाश निरभ्र' असं होतं. मी काय म्हणायला हवं होतं ते मला पाठ होतं. पण तोंडातून 'हो' निघून गेलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तीन आठवडे थेंब नाही गं पोरी, जरा ऐकू दे. मी माइक तोंडापासून बाजूला करून छताकडे धरला. वीस सेकंद असतील, फार तर पंचवीस. दोघी गप्प. मग त्यांनी कार्डाचा नंबर सांगितला आणि मी ऑर्डर घेतली.

गुडघाभर पाण्यातून कामावर आलेली मी त्यांना बागेत पाणी घालायची नळी विकत होते. कॉल तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी त्या कॉलचे माझे गुण कापले, वेळ वाढवला म्हणून आणि बाईंना संशय येईल असं वागले म्हणून.

'आउटसोर्स्ड'चे बावीसच्या बावीस भाग मी पाहिले आहेत आणि त्या वीस सेकंदांच्या जवळपास जाणारं काही तिथे सापडतं का, ते शोधत राहिले. जागा होत्या. कॉल सेंटर ही जागाच अशी आहे की दोन माणसं एकमेकांना न दिसता एकमेकांच्या आयुष्यात डोकावतात, एकाच्या दिवसात आणि दुसऱ्याच्या रात्री. विनोदी लेखकाला याहून आयतं काय मिळणार? पण मालिकेचा कॅमेरा फोनच्या तारेवर टिकत नाही. तो कँटीनमधल्या जेवणाने पोट बिघडेल का याकडे जातो, खिडकीबाहेरच्या गाईकडे जातो, फेट्याकडे जातो. मनमीत या नावाचा उच्चार इंग्रजी कानाला अचकट वाटतो, यावर पहिल्या भागात एक अख्खा विनोद उभा आहे.

आता याची बाजूही मांडायला हवी, कारण मालिकेमागची माणसं दुष्ट नव्हती. मूळ कल्पना जॉन जेफकोट यांच्या २००६ च्या त्याच नावाच्या चित्रपटाची. तो चित्रपट त्यांनी इकडे येऊन, मुंबई परिसरात चित्रित केला. त्यातल्या गावाचं नाव घारापुरी. सिॲटलहून आलेला टॉड तिथे आपल्या जागी बसणाऱ्या माणसाला, पुरोला, तयार करायला येतो. म्हणजे चित्रपटाच्या कथेतच एक उतार आहे, टॉड जाणार आणि पुरो त्याच्या खुर्चीवर बसणार. ती भूमिका आसिफ बसरा यांनी इतकी जीव लावून केली होती की चित्रपट टॉडचा असूनही लक्षात पुरो राहतो.

मालिका करताना हा उतारच काढून टाकला गेला. मला वाटतं खरी चूक तिथे झाली, आणि ती विनोदांच्या निवडीपेक्षा खोल आहे. साप्ताहिक मालिकेला नायक कायम लागतो. टॉड गेला तर मालिका संपली. म्हणून टॉडला मुंबईत ठेवायचं, आणि त्याच्या जागेवर हक्क सांगणाऱ्या माणसाला अडवून धरायचं. मालिकेत हा माणूस म्हणजे राजीव गिडवानी, साहाय्यक व्यवस्थापक. त्याला मॅनेजर व्हायचं आहे, कारण त्याशिवाय त्याचं लग्न होणार नाही. फ्लोअर त्याला ठाऊक, माणसं ठाऊक, काम ठाऊक. आणि कॅन्सस सिटीहून एक तरुण, म्हणजे मालिकेतला टॉड, येतो, ज्याला यातलं काही ठाऊक नाही, आणि थेट मॅनेजर होतो. कोणत्याही मुंबईकराने ही गोष्ट सांगितली असती तर राजीव नायक झाला असता. इथे तो आडवा येणारा, कुरकुरणारा, थोडा खुनशी माणूस झाला. रिझवान मांजी यांनी त्याच्यात जेवढा जीव ओतता येईल तेवढा ओतला. त्याच्या लग्नाचा भाग आजही बघावासा वाटतो. पण गोष्ट त्याची नव्हती.

इथे रॉबर्ट बॉर्डन यांचं नाव घ्यायला हवं, कारण चित्रपटावरून मालिका त्यांनी उभी केली. बॉर्डन यांनी याआधी ब्रूस हेल्फर्ड आणि जॉर्ज लोपेझ यांच्याबरोबर एक मालिका निर्माण केली होती, लोपेझ यांच्याच नावाची. २००२ ते २००७, एबीसी वाहिनीवर, १२० भाग. लोपेझ हे मेक्सिकन वंशाचे विनोदवीर. मालिकेतला जॉर्ज लॉस एंजेलिसमध्ये विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अनेक वर्षं कामगार म्हणून राबतो आणि मग त्याच कारखान्याचा मॅनेजर होतो. आई त्याच कारखान्यात कामगार. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांनाच आता शिस्त लावायची. त्या मालिकेतला निम्मा विनोद या एका पेचातून येतो, आणि जॉर्जचं अवघड बालपण, आईशी असलेलं त्याचं कडवट आणि तरीही घट्ट नातं हे सगळं लोपेझ यांच्या स्वतःच्या जगण्यातून उचललेलं होतं.

म्हणजे लेखक तोच. काम करण्याच्या जागेवरचा विनोद त्याला उत्तम जमत होता. परक्या समाजाबद्दल त्याला आकस नव्हता. तरीही एक मालिका पाच वर्षं चालली आणि दुसरी एका हंगामात आटोपली. पहिलीत खालून वर आलेला माणूस मध्यभागी होता, आणि ज्याची गोष्ट सांगायची तो माणूस लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नुसता सल्लागार नव्हता, निर्मात्यांपैकी एक होता. 'हे आमच्याकडे असं नसतं' असं म्हणण्याचा हक्क त्याला होता आणि त्याचं ऐकावं लागत होतं. दुसरीत तसं कोण होतं? लिहिणाऱ्यांत भारतीय वंशाची काही मंडळी होती, हे खरं आहे. पण शेवटचा शब्द त्यांचा नव्हता. आणि अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या लेखकाला मालाडच्या फ्लोअरवरची रात्र आपोआप कळते असंही नाही, जसं डोंबिवलीत वाढलेल्या मला न्यू जर्सीतलं बालपण कळणार नाही.

कलाकारांचंही तेच. रिझवान मांजी कॅनडाचे, सचा धवन आणि रेबेका हेझलवूड इंग्लंडचे, परवेश चीना शिकागोकडचे, अनिशा नागराजन अमेरिकेतच वाढलेल्या. मुंबईकर म्हणून समोर येणाऱ्या या पाचांपैकी मुंबईत वाढलेलं कोणीच नव्हतं. मुख्य पात्रांपैकी एकालाही ठसठशीत मराठी ओळख दिलेली नाही. चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. मी यातल्या कोणाही नटाला दोष देत नाही. अभिनेत्याचं कामच परकाया प्रवेशाचं आहे आणि ही सगळी गुणी माणसं आहेत. अनिशा नागराजन ब्रॉडवेवर 'बॉम्बे ड्रीम्स'च्या नायिका होत्या, धवन 'द हिस्टरी बॉईज'मधून पुढे आलेले. पण लिहिणारा, दिग्दर्शन करणारा, बोलणारा आणि वाहिनीवर बसून होकार देणारा, या साखळीत एकही कडी त्या शहरातली नसेल तर शहर पडद्यावर येणार कुठून?

मालिका सुरू झाली तेव्हा आपल्याकडे आणि तिकडच्या भारतीयांत जी चर्चा झाली ती बरीचशी अपमानाची होती. आमच्या जेवणाची टिंगल, आमच्या नावांची टिंगल. दुसरीकडे अमेरिकेत अनेकांना वेगळाच त्रास होता. २०१० साली तिथली बेकारी ९.६ टक्के होती, आणि नोकरी परदेशी गेलेल्या घरात बसून त्याच नोकरीवरचा विनोद बघायचा! दोन्हीकडच्या लोकांचं दुखणं खरं होतं. पण अपमानाची भाषा मला अपुरी वाटते, कारण त्या भाषेतला उपाय एकच, आमच्यावर विनोद करू नका. असा उपाय मागितला की लेखक घाबरतो आणि पुढच्या वेळी आपल्याला अजिबात घेत नाही, किंवा देवळात ठेवल्यासारखं घेतो. आपल्यावर भरपूर विनोद व्हावा असं मला वाटतं. पण तो बघताना 'याला हे कसं कळलं?' असं वाटलं पाहिजे. कॉल सेंटरमधलं कोणीही त्या पत्र्यांवरच्या पावसाची गोष्ट ऐकून हसतं, आणि हसताना ते आमच्यावरच हसत असतं.

बीबीसीवर १९९८ मध्ये 'गुडनेस ग्रेशस मी' हा विनोदी प्रवेशांचा कार्यक्रम आला, त्याआधी तो रेडिओवर होता. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया, निर्माते अनिल गुप्ता. त्यातला गाजलेला प्रवेश मुंबईतच घडतो. लस्सी पिऊन तर्र झालेली मंडळी इंग्रजी हॉटेलात जातात, वेटरच्या नावाची वाट लावतात आणि मेनूतला सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागतात. विषय तोच, परकं जेवण आणि परकी नावं. पण हसण्याची दिशा फिरवली आणि इंग्रज प्रेक्षकाला शनिवारच्या रात्रीचा स्वतःचा चेहरा दिसला. एवढं पुरे आहे त्याबद्दल. तो प्रवेश ज्याने पाहिला त्याला अधिक सांगायला नको.

मात्र आपलं माणूस पडद्यावर मध्यभागी बसवलं की काम झालं असंही नाही, आणि इथे मला अमेरिकेतल्या विनोदवीर मार्गारेट चो यांची हकीकत फार महत्त्वाची वाटते. १९९४ मध्ये एबीसीने 'ऑल-अमेरिकन गर्ल' ही मालिका काढली. कोरियन वंशाचं कुटुंब, मध्यभागी चो, त्यांच्याच रंगमंचीय विनोदावर आधारलेलं म्हणून जाहिरात. निर्माते गॅरी जेकब्ज. पुढे काय झालं ते चो यांनी नंतर स्वतः रंगमंचावरून सांगितलं आहे. चेहरा पडद्यावर फार भरलेला दिसतो म्हणून वजन उतरवायला सांगितलं, त्यांनी दोन आठवड्यांत ते इतकं उतरवलं की मूत्रपिंडं निकामी व्हायची वेळ आली. मग त्या पुरेशा आशियाई वाटत नाहीत म्हणून शिकवायला माणूस ठेवला. स्वतःची भूमिका करणाऱ्या बाईला स्वतःसारखं कसं दिसायचं हे शिकवायला! शेवटी शेवटी जवळजवळ सगळं कुटुंबच बाजूला सारून त्यांना नव्या मित्रांच्या घरात नेऊन ठेवलं. १९ भागांत मालिका संपली. त्यानंतर आशियाई वंशाच्या कुटुंबावरची विनोदी मालिका अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवर यायला २०१५ साल उजाडलं. वीस वर्षं.

ही वीस वर्षं मला डाचतात. गोऱ्या कुटुंबांवरच्या मालिका तिथे दर वर्षी डझनाने पडतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढ्याच येतात. एक कोरियन कुटुंब पडलं तर एक अख्खी पिढी स्वतःला न बघता मोठी झाली. एकाच मालिकेच्या खांद्यावर एवढं ओझं टाकलं की तिच्यातले लोक मोकळेपणाने लिहूच शकत नाहीत. 'आउटसोर्स्ड'वरही हे ओझं होतं, आणि टीका करणाऱ्या आपण सगळ्यांनी, मीसुद्धा, त्यात भर घातली.

तिला आणखी वेळ द्यायला हवा होता का? एनबीसीने तिच्यावर अन्याय केला असं मला म्हणता येत नाही. पूर्ण २२ भाग दिले, सुरुवातीला 'द ऑफिस' या लोकप्रिय विनोदी मालिकेनंतरची उत्तम वेळ दिली, आणि तिच्यासाठी 'पार्क्स अँड रिक्रिएशन' ही चालू मालिका जानेवारीपर्यंत थांबवून ठेवली. जानेवारी २०११ मध्ये ती रात्री साडेदहावर ढकलली गेली आणि मग उतरणीला लागली. 'द ऑफिस'चा पहिला हंगाम फक्त सहा भागांचा होता आणि तोही फारसा चालला नव्हता. दोन्ही मालिकांचा पहिला भाग केन क्वापिस यांनीच दिग्दर्शित केलेला, म्हणजे हात तोच अनुभवी. 'द ऑफिस'ला वेळ मिळाला, आणि त्या वेळात लेखकांनी मायकेल स्कॉट, त्या ऑफिसातला बॉस, हा माणूस शोधून काढला. पण वेळ उपयोगी पडला तो लेखकांच्या खोलीतलीच माणसं पात्रांना आतून ओळखत होती म्हणून. त्या खोलीत मिंडी कॅलिंग होत्या. 'द ऑफिस'मधला दिवाळीचा भाग २००६ मध्ये त्यांनीच लिहिला आणि केली कपूर ही भूमिकाही त्यांनीच केली. त्या भागातली केली स्वतःच्या सणाबद्दल विचारलं तर धड काही सांगू शकत नाही, तिला नवे कपडे आणि नाच एवढंच ठाऊक. अमेरिकेत वाढलेल्या कितीतरी मुलींचं हे खरं चित्र आहे आणि ते त्यांच्यापैकीच एकीने काढलं. 'आउटसोर्स्ड'ला आणखी तीन हंगाम मिळाले असते तरी, सूत्र कॅन्सस सिटीच्याच हातात असतं तर, टॉड राजीवला अडवूनच बसला असता.

थांबवून ठेवलेल्या त्या 'पार्क्स अँड रिक्रिएशन'मध्येही एक भारतीय वंशाचा माणूस होता, अझीझ अन्सारी यांचा टॉम हॅवरफर्ड. राजकारणात पुढे जायला सोपं पडावं म्हणून या टॉमने स्वतःचं मूळ नाव टाकून दिलेलं असतं. हे ऐकलं तेव्हा मी चमकले, कारण फोनवरचं खोटं नाव मी तीन वर्षं वापरलं होतं. तो विनोद टॉमच्या महत्त्वाकांक्षेचा, त्याच्या हावेचा, त्याच्या भाबडेपणाचा होता. भारतीय असणं त्यात होतं, पण त्याच्यापुढे पाटी लावून उभं नव्हतं. अन्सारी यांनी पुढे स्वतःची मालिका काढली तेव्हा आईवडिलांच्या भूमिकेत स्वतःचेच आईवडील घेतले. राजीव झालेल्या मांजी यांना 'शिट्स क्रीक'मध्ये रे नावाचं पात्र मिळालं. एकाच घरातून घरांची दलाली, छायाचित्रण आणि आणखी चार धंदे चालवणारा, कायम हसतमुख, समोरच्याला श्वास घेऊ न देणारा माणूस. ती मालिका लेव्ही बापलेकांची, त्यात भारतीय लेखकाचा आग्रह वगैरे काही नव्हता, हे मी मान्य करते. पण लेव्हींनी रेला गाव दिलं, धंदा दिला, हट्ट दिले. राजीवला फक्त देश दिला होता.

आता हे लिहिताना मला आपल्या घराकडेही बघावं लागतं. मुंबईत बनणाऱ्या हिंदी चित्रपटांत वर्षानुवर्षं मराठी माणूस हवालदार म्हणून आला आणि मराठी बाई धुणीभांडी करायला आली. एका ठरावीक हेलात दोन वाक्यं बोलायची आणि निघून जायचं. त्याचा राग आपल्याला येतो आणि तो रास्त आहे. पण मराठी नाटकांतला, प्रहसनांतला दूधवाला भैया, 'अय्यो' म्हणणारा मद्रासी, बावळट पारशी कोणी लिहिला? ज्या मद्रासीला आपण हसत होतो तो माटुंग्याचा होता, त्याची भाषा तमिळ की मल्याळी की तुळू हेसुद्धा लिहिणाऱ्याला माहीत नसायचं आणि माहीत करून घ्यावंसं वाटायचं नाही. बॉर्डन निदान हजारो मैलांवर बसले होते. आपल्या शेजारच्या दारावरची पाटी आपण वाचली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती फक्त अमेरिकी वाहिन्यांकडे नाही. आज परदेशी कंपन्या मुंबईवर मालिका बनवतात, पैसा लावतात, आणि मराठी, तमिळ, बंगाली प्रेक्षकांपर्यंत त्या एकाच दिवशी पोहोचतात. ज्या वस्तीची, ज्या धंद्याची गोष्ट सांगायची तिथला एक तरी माणूस लेखनाच्या टेबलावर असा हवा, ज्याच्या 'नाही'ला किंमत आहे. मानधन देऊन दोन दिवस बोलावलेला सल्लागार चालणार नाही. तो फार तर साडी कशी नेसतात ते सांगेल आणि विंदालूत बटाटा नसतो ते सांगेल. खुर्ची कोणाला मिळायला हवी, गोष्ट कोणाची आहे, हे सांगायला त्याला निर्मात्यांत बसवावं लागेल, लोपेझ बसले होते तसं.

मला कोणी त्या मालिकेचा पहिला भाग लिहायला सांगितला असता तर मी विमानतळावरून सुरुवात केली नसती. सकाळी सहाची वेळ घेतली असती. शिफ्ट सुटली आहे, गेटवर कंपनीच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत, दुधाचे टेम्पो उलट दिशेने शहरात येत आहेत. रात्रभर जेनिफर, केव्हिन, स्टेफनी म्हणून बोललेली मुलं डोळे चोळत बाहेर येतात, केसांवर हेडसेटचा वळ तसाच. आमच्या गाडीवर साताऱ्याकडचे एक ड्रायव्हरकाका होते. त्यांच्या हातात ट्रिपशीट असायची आणि त्या कागदावर खरी नावं असायची. त्या कंपनीत आम्हाला खऱ्या नावाने हाक मारणारे दिवसभरात ते एकटेच. दार उघडं धरून ते कागदावर बोट फिरवत मोठ्याने वाचायचे, कदम मॅडम, डिसूझा, शेख, अय्यर, म्हात्रे आले का, चला बसा पटापट, कांदिवलीला आज दुरुस्ती आहे.